पहिला फिशटँक: मुंबईच्या पाण्यात, मुंबईच्या घरात कोणते मासे रमतील?

कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारातून एखादं कुटुंब पिशव्या घेऊन बाहेर पडताना दिसलं की माझी नजर आधी पिशवीकडे जाते. दोन गोल्डफिश, एक काळा मूर, तळ साफ करायला म्हणून एक सकर, दोन 'शार्क' आणि वर चार गप्पी. बरीच वर्षं झाली, मीही जवळजवळ हीच यादी घरी आणली होती. दीड फुटाची टाकी, त्याच दुपारी भरलेलं नळाचं पाणी आणि दुकानदाराचा शब्द, "काही होत नाही, औषधाचे चार थेंब टाका." चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. नवव्या दिवशी मुलगी शाळेतून आली तेव्हा एकच गोल्डफिश उरला होता आणि तो पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होता. दुसऱ्या दिवशी तोही गेला.

त्यानंतर मी जे शिकलो ते एका वाक्यात सांगता येतं: मासे घरी बसून निवडायचे आणि दुकानात फक्त आणायला जायचं. निवडताना तीन गोष्टी समोर ठेवायच्या. नळाला येणारं पाणी, मे महिन्यातला उकाडा आणि त्या माशाचा पूर्ण वाढ झाल्यावरचा आकार. रंग त्यानंतर.

आधी टाकी

पहिल्यांदा मासे पाळणाऱ्याला वाटतं, लहान टाकी सांभाळायला सोपी. प्रत्यक्षात उलट आहे. दहा लिटरच्या बाऊलमध्ये एक चिमूट खाणं जास्त पडलं तरी संध्याकाळपर्यंत पाणी बिघडतं; पन्नास लिटरमध्ये तीच चूक पचून जाते. म्हणून काचेचा गोल बाऊल सोडून द्या. मुंबईच्या वन बीएचकेत बसेल आणि मासेही सुखाने राहतील अशी टाकी म्हणजे २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५७ लिटर पाणी मावतं. तळाची रेती, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली की हाती ४५ ते ५० लिटर उरतं. पाणी, काच आणि रेती मिळून वजन ७० ते ८० किलोंच्या घरात जातं. टीव्हीच्या पातळ फळीवर ती ठेवू नका. जमिनीवर नीट टेकलेला पक्का स्टँड हवा आणि टाकीखाली थर्माकोलची शीट.

जागा ठरवताना दोन गोष्टी टाळा. एक, थेट ऊन येणारी खिडकी. दुसरी, रात्री एसी लागणारी बेडरूम. दिवसा ३० अंश आणि पहाटे २४ अंश असा रोजचा झोका माशांना सोसत नाही. अंगावर मिठाचे दाणे पेरल्यासारखे पांढरे ठिपके येतात तो आजार अशा हेलकाव्यातच जोर धरतो. हॉलचा आतला कोपरा उत्तम.

पाणी ओळखा

मुंबई महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून येतं. हे पावसाचं साठवलेलं पाणी. त्यात क्षार कमी, म्हणून ते मृदू. साबणाला भरपूर फेस येतो, नळाच्या तोंडावर पांढरा थर फारसा साचत नाही. तुमच्या सोसायटीत टँकर येत असेल किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर गोष्ट वेगळी. नळावर, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी जड आहे. सेक्रेटरींना एकदा विचारून घ्या, कारण माशांची अर्धी यादी इथेच ठरते. टेट्रा, गुरामी, फायटर, कॉरी यांना मृदू पाणी मानवतं. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना थोडं क्षाराचं पाणी आवडतं. मॉली तर फार मृदू पाण्यात एका जागी उभी राहून थरथरायला लागते. अशा वेळी फिल्टरमध्ये मूठभर स्वच्छ धुतलेला शिंपल्यांचा चुरा पातळ कापडात बांधून ठेवला की पाण्यात हळूहळू क्षार उतरतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतो. सकाळी पाणी आलं की रुंद तोंडाची बादली भरून चोवीस तास उघडी ठेवा, किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापानं घाला.

मासे नसलेले चार आठवडे

या पायरीवर घरातली मुलं रुसतात आणि मोठ्यांचाही धीर सुटतो. तरी मी इथे कुणालाच सूट देत नाही, कारण माझे मासे याच पायरीच्या अभावी गेले.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनिया होतो. तो माशाला विषच. जुन्या, बसलेल्या टाकीत एका प्रकारचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारी. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच कमी घातक असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर घर करतात आणि त्यांची वसाहत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात काम थोडं लवकर होतं.

करायचं काय? टाकी भरा, क्लोरीन घालवा, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर चोवीस तास चालू ठेवा आणि मासे नसतानाही रोज चिमूटभर खाणं टाका, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळेल. ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरला लावा, आठवडे वाचतात. थेंबांची टेस्ट किट घ्या. अमोनिया आधी चढतो, मग उतरतो. नायट्राइट त्याच्या मागून चढतो आणि उतरतो. दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले की टाकी तयार. पाणी नितळ दिसतंय म्हणून तयार आहे असं समजू नका. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

या काळात टाकीवर झाकण हवंच. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. पाहणीला आलेल्या पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी उघडी, बिनमाशांची टाकी पाहिली तर ते बोलतील आणि त्यांचं बरोबर असेल.

आता यादी

आधी नाही म्हणायचे मासे, कारण दुकानात पुढच्या रांगेत तेच असतात.

गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. त्याला १८ ते २२ अंश बरं वाटतं. मुंबईत मे महिन्यात घरातल्या टाकीचं पाणी ३० च्या पुढे सहज जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. त्यात गोल्डफिश घाण भरपूर करतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस सेंटिमीटर वाढतो, दहा वर्षांहून जास्त जगतो. फेंगशुईच्या नावानं, आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश घरात ठेवावेत, असं सांगणारे लोक भेटतील. दोन फुटांच्या टाकीत नऊ गोल्डफिश म्हणजे त्या नऊ जिवांचे हाल आहेत, एवढंच मी सांगेन.

सकर दोन इंचांचा असताना गोड दिसतो, काचेला चिकटून बसतो. तो चाळीस सेंटिमीटरपर्यंत जातो. तो इतर माशांची विष्ठा खातो हा समज चुकीचा आहे. उलट टाकीत सगळ्यात जास्त विष्ठा त्याचीच असते. मोठा झाला की लोक तो तलावात सोडून येतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज आपल्या देशातल्या अनेक तलाव-नद्यांत पसरून स्थानिक माशांच्या जिवावर उठला आहे. काचेवरचं शेवाळ खायला नेराइट गोगलगाय आणा. गोड्या पाण्यात तिची पिल्लं वाढत नाहीत, त्यामुळे टाकी गोगलगायींनी भरून जायची भीती नाही.

'शार्क' म्हणून मिळणारा चंदेरी मासा बहुतेक वेळा पंगस असतो, हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो त्याच कुळातला. पूर्ण वाढला तर मीटरभर. ऑस्कर फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. एंजल फिशला एक फूट उंचीची टाकी ठेंगणी पडते आणि मोठा झाला की तो छोटे टेट्रा खातो. टायगर बार्ब लांब पंखांच्या माशांची शेपटी कुरतडतो. रंग टोचलेले काचमासे आणि रंगवलेले टेट्रा तर घेऊच नका. सुईनं रंग भरलेला मासा पुढे आजारीच राहतो, आणि आपण घेतले की दुकानदार पुढच्या आठवड्यात आणखी मागवतो.

मिस केरलाबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. अंगावर लाल-काळा पट्टा असलेला हा देखणा मासा पश्चिम घाटातल्या केरळ-कर्नाटकच्या वाहत्या ओढ्यांतला. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला (इंग्रजीत जीनस) 'सह्याद्रिया' हे नाव दिलं. आपल्याच डोंगराचं नाव मिरवणारा मासा, म्हणून माझा त्याच्यावर जीव आहे. शोभेच्या टाक्यांसाठी इतका पकडला गेला की निसर्गात तो धोक्यात आला. त्याला सहा-आठ जणांचा थवा, चार फुटांची टाकी आणि खेळतं, थंडसर पाणी लागतं. पहिल्या टाकीत तो आणू नका.

आता हो म्हणायचे.

मुंबईसाठी माझी पहिली पसंती गुरामी आणि फायटरच्या कुळाला आहे. यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो, त्यानं ते वर येऊन थेट हवेतून श्वास घेतात. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू कमी झाला, रात्री दोन तास वीज गेली, तरी हे तग धरतात. हनी गुरामी आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, पाच सेंटिमीटरचा, मधासारख्या रंगाचा आणि स्वभावानं भिडस्त. ड्वार्फ गुरामी रंगानं जास्त भडक असतो, पण बाजारात येणाऱ्या ड्वार्फमध्ये एक विषाणूचा आजार फिरतो आणि त्यावर औषध नाही. म्हणून मी हनी सांगतो.

फायटर थायलंडकडचा, २५ ते ३० अंश म्हणजे त्याचं माहेर. तो एकटाच ठेवायचा. दोन नर कधीच नाहीत, आणि गप्पीसारखे शेपूट मिरवणारे शेजारीही नकोत. दुकानात तो पेल्याएवढ्या पाण्यात दिसतो म्हणून घरीही तसाच ठेवायचा, असं नाही. निदान वीस लिटर पाणी, फिल्टर आणि रुंद पानांची वनस्पती द्या. पानावर आडवा पडून तो दुपारची विश्रांती घेतो, ते बघण्यासारखं असतं.

थव्यानं राहणाऱ्यांत झेब्रा डॅनिओ सगळ्यात काटक. निळ्या आडव्या पट्ट्यांचा हा मासाही भारतीय उपखंडातला. जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी तोच वाढवतात. दिवसभर वरच्या थरात शर्यत लावल्यासारखा पळतो, म्हणून झाकण घट्ट हवं. टेट्रा हवे असतील तर निऑनच्या मोहात पडू नका. निऑनला २५ अंशांच्या खाली बरं वाटतं आणि आपल्याकडे एप्रिल लागला की ते एकेक करून जातात. कार्डिनल टेट्रा किंवा छोटा केशरी एम्बर टेट्रा आपला उकाडा सोसतात. कोणताही थव्याचा मासा सहापेक्षा कमी आणू नका, आठ असले तर छान. दोन-दोन आणले तर ते कोपऱ्यात दबून बसतात आणि रंगही उतरतो.

तळासाठी कॉरी. मिशांनी रेती चाळत टोळीनं फिरणारा हा मासा नव्या माणसाला लगेच लळा लावतो. आपल्या उन्हाळ्यात स्टर्बाय जातीचा कॉरी चांगला टिकतो. पाच-सहा आणा आणि तळाला टोकदार खडी न घालता बारीक, मऊ रेती घाला, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात. वरून पडलेलं खाणं साफ होईल या भरवशावर राहू नका. रात्री दिवा बंद करण्याआधी तळाला बसणारी गोळी त्यांच्यासाठी वेगळी टाका.

गप्पी राहिले. डासांच्या अळ्या खातात म्हणून पालिकेचे लोक विहिरीत, टाक्यांत सोडतात तेच हे मासे. दुकानात मिळणारे त्यांचे रंगीत भाऊबंद. पाळायला सोपे, पण नर-मादी एकत्र ठेवलेत तर दर महिन्याला वीस-तीस पिल्लं. मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते, त्यामुळे नुसत्या माद्या आणल्या तरी पुढचे काही महिने पिल्लं होतच राहतात. पहिल्या टाकीत फक्त नर आणा. रंग आणि झुपकेदार शेपट्या त्यांच्याकडेच असतात.

दोन फुटांच्या टाकीसाठी माझी जुळणी अशी: आठ एम्बर टेट्रा, पाच स्टर्बाय कॉरी, हनी गुरामीची एक जोडी, दोन नेराइट गोगलगायी. तिन्ही थर भरतात, कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. घरी बोअरचं जड पाणी असेल तर आठ नर गप्पी आणि दोन गोगलगायी, बस. टाकी रिकामी वाटेल. तशीच ठेवा. माशाच्या दर इंच लांबीला चार लिटर पाणी असा हिशेब काही जण सांगतात. तो दोन इंचांपर्यंतच्या सडपातळ माशांपुरता ठीक आहे, जाड अंगाच्या माशांना लावू नका.

दुकानात

यादी खिशात ठेवूनच जा. कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केट, कुठेही गेलात तरी आधी पाच मिनिटं काही न बोलता टाकीसमोर उभे राहा. पंख अंगाला चिकटवून, मिटलेल्या छत्रीसारखे धरलेला मासा आजारी असतो. पोट आत गेलेला, काचेला किंवा दगडाला अंग घासणारा, कल्ले भराभर उघडझाप करणारा घेऊ नका. त्या टाकीत एक जरी मेलेला दिसला तर बाकीचे कितीही तरतरीत असले तरी पुढच्या दुकानात जा. मग दुकानदाराला म्हणा, "भाऊ, जरा खाणं टाका ना." जो मासा धावून येऊन खातो तो घ्या. हे मासे कधी आले तेही विचारा. कालच आलेले असतील तर आठवड्यानं परत या. प्रवासात दमलेले मासे बहुतेक पहिल्या चार-पाच दिवसांतच जातात.

पिशवीत ऑक्सिजन भरून घ्या, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि सरळ घरी या. संध्याकाळी सहाची लोकल टाळा. दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान डब्यात बसायला जागा मिळते आणि पिशवी मांडीवर राहते.

घरी आल्यावर दिवा बंद करून पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग पिशवी उघडून दर दहा मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी तिच्यात घाला, चार-पाच वेळा. शेवटी मासे जाळीनं उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्या दिवशी खायला देऊ नका.

सगळे मासे एकाच दिवशी आणायचे नाहीत. आधी टेट्रा. दोन आठवडे रोज अमोनिया तपासा. तो शून्यावरच राहिला तर कॉरी आणा. आणखी दोन आठवड्यांनी गुरामी. गुरामी शेवटी, कारण आधी आलेला मासा टाकी आपली समजतो आणि नंतर येणाऱ्यांना हाकलतो. जमलं तर नवीन मासे आधी पंधरा लिटरच्या वेगळ्या टबात, छोट्या स्पंज फिल्टरसह दोन आठवडे ठेवा. आजार असेल तर तिथेच कळतो.

पुढचं थोडक्यात

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर रविवारी एक लहान बादली, म्हणजे दहा-बारा लिटर पाणी काढून तेवढंच क्लोरीन घालवलेलं पाणी घाला. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. काढलेल्या टाकीच्या पाण्यात दोनदा पिळा, पुरे. मे महिन्यात झाकण किंचित तिरकं करून पंख्याचा वारा पाण्यावर घेतला की दोन अंश उतरतात. मात्र टाकीत डॅनिओ असतील तर वर जाळी लावा. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. सोसायटीत धूर फवारणी असेल किंवा घरात पेस्ट कंट्रोल असेल तर एअर पंप बंद करा, टाकी ओल्या चादरीनं पूर्ण झाका आणि खोलीतली हवा खेळती झाल्यावरच उघडा. कीटकनाशकाचा थोडा अंशही माशांना पुरतो.

गणपतीला गावी जाणार असाल तर पाच-सहा दिवस निरोगी मोठे मासे उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, दिवा बंद ठेवा, फिल्टर चालू ठेवा. शेजारच्या काकूंना चावी द्यायची असेल तर फक्त फिल्टर चालू आहे ना एवढं बघायला सांगा आणि खाण्याचा डबा कपाटात ठेवून जा. त्या मायेनं मूठभर टाकतील आणि परत येईपर्यंत पाणी पांढरं झालेलं असेल. परत आल्यावर हात-पाय धुऊन टाकीसमोर बसा, खाण्याचे दोन-चार कण टाका आणि मासे मोजा.